चारचौघांतली गोळी

सेलूच्या आमच्या गल्लीत सुखदेवभाऊ थूल डोक्याची गोळी दुकानाच्या पायरीवर बसून घेत. सकाळचा चहा झाला की गोळी तळहातावर ठेवायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला जयभीम घालायचा आणि मग गिळायची. शिलाईचं दुकान रस्त्यावरच, त्यामुळे प्रेक्षक भरपूर. "शुगरची गोळी लोक मिरवून घेतात," ते म्हणत, "मंग मीच काऊन लपू?" तरुणपणी त्यांचं डोकं दोनदा पार बिघडलं होतं. त्यानंतर कितीतरी वर्षं गोळी आणि मशीन, दोन्ही बिनबोभाट चालू.

मी शेजारचा मास्तर. गल्लीतला विनोदी माणूस अशी माझी ख्याती, ती मीच पसरवलेली. "भाऊ, एक मलेबी द्या," मी रोज म्हणायचो.

"तुले एकीनं काय होते? तुयं डोकं डबल एक्सेल हाय."

माप घेणाऱ्याशी वाद घालू नये.

त्यांच्या एकुलत्या मुलीचं, रोशनीचं लग्न पुलगावात ठरलं. सोयऱ्यांचं येणं-जाणं सुरू झालं आणि न बोलावता मी सल्लागार झालो. "भाऊ, त्यांच्यासमोर गोळी नको. पोरीचं नुकसान होईल. लग्नापुरती बंद ठेवा, आता तर ठणठणीत आहात."

भाऊंनी मशीनवरचा हात काढला. "मास्तर, तेल नाई टाकलं तरी मशीन पळते. उलट जास्तच पळते. मंग सुई मोडते."

पण मी पोरीचं नाव काढलं होतं. गोळ्या कपाटात गेल्या.

लग्नात भाऊ बहरले. झोप नाही, बसणं नाही. दिसेल त्याला मिठी, एक बँड असताना दुसरा बोलावलेला, पुलगावात शिलाईचा कारखाना काढायचे बेत. "पोरीच्या लग्नाचा आनंद हाय बाप्पा," बायका म्हणत. मी तर त्यांच्यासोबत नाचलो. माणूस एवढा खुलला याचं श्रेयही मनातल्या मनात घेऊन टाकलं.

पंगतीत भाऊ कात्री घेऊन नवरदेवापुढे उभे राहिले. "जावईबापू, बाही वाकडी हाय. दोन मिनिटांत सरळ करतो."

लोक हसले. मी टाळी वाजवली. अंगातल्या कोटाची बाही कापता कापता कात्री नवरदेवाच्या मनगटात गेली. रक्त पत्रावळीवर पडलं. चौघांनी धरलं तरी भाऊ ओरडत होते, "सोडा, शिलाई उसवून राह्यली!"

दवाखान्यातून ते महिन्याभरानं परतले. गोळी सुरू झाली, मशीन नाही. मी माफी मागायला गेलो. सोबत नेलेला विनोद दाराशीच सुकला. ते म्हणाले, "तुले मालूम नव्हतं, मास्तर. मले तं मालूम होतं ना."

दर गुरुवारी रोशनी पुलगावहून येऊन त्यांना गाडीनं डोक्याच्या दवाखान्यात न्यायची. हिवाळ्यात एका दुपारी भाऊंचं हृदय थांबलं. खांदा द्यायला जावई पुढे होता. त्याच्या मनगटावरचा व्रण दिसला आणि मी मागच्या बाजूला गेलो.

भाऊंच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी श्रद्धांजली वाहून लोक पांगल्यावर रोशनी माझ्याजवळ बसली. "काका, काऊन वाळून राह्यले तुमी? झोप येते का?"

"येते ना. वर्गात तर फारच येते."

ती हसली नाही. "रातीची विचारते मी."

बोलायला मला एरवी शब्द शोधावे लागत नाहीत. "नाई येत," एवढंच म्हणालो.

"मंग गुरुवारी तयार राहजा. गाडी चुकली तं दुसरी पकडू. पण जाऊ."