गाळणीतला खडा

मूतखडा पडला असं समजून मी अख्ख्या गल्लीत संत्रा बर्फी वाटली आणि डॉक्टरांनी सांगितलेली दुसरी सोनोग्राफी केलीच नाही. खडा पडला नव्हता.

उन्हाळ्यात उजव्या कुशीत कळ उठली, तेव्हा पहिल्या सोनोग्राफीत तो दिसला होता. डॉक्टर म्हणाले, "लहान आहे, लघवीवाटे पडेल. गाळून पाहत जा. अन् पडो न पडो, महिन्याभरानं परत सोनोग्राफी करून मला दाखवा."

आता गाळायचं म्हणजे नजरेचं काम, आणि मी कोष्ट्याच्या घरचा. बाप मागावर तुटलेला धागा अंधारातही शोधायचा. मी हिंगण्याच्या कंपनीत कारकुनी करतो, मागाला कधी हात लावला नाही, पण नजर वारशानं आली असेल असा माझा समज. बायकोनं चहाची नवी गाळणी आणून दिली आणि जुनीला शिवलात तर बघा, असं बजावलं. ही नवी गाळणी मी न्हाणीच्या खिडकीत ठेवायचो. त्याच दिवसांत न्हाणीची फरशी बदलणं चालू होतं आणि मिस्त्री त्याच खिडकीखाली छिन्नी हाणत होता. हे दोन्ही मला ठाऊक होतं. एकत्र ठाऊक नव्हतं, एवढंच.

एका सकाळी गाळणीत करड्या रंगाचं, टोकदार काहीतरी दिसलं. मी एवढ्यानं ओरडलो की मिस्त्री छिन्नी टाकून आला. दुखणं आधीच थांबलं होतं, म्हणजे पुरावाच झाला! खडा कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवला. कंपनीच्या बसमध्ये डबी या सीटवरून त्या सीटवर फिरली. "बापा! एवढा मोठा? काय खाऊन राहिले होते गा भाऊ?" शेजाऱ्यानं खडा विरघळायला पानफुटीची पानं दिली होती, तो श्रेय घ्यायला घरी आला आणि बर्फीचे चार तुकडे जास्तीचे खाऊन गेला. बायको म्हणाली, "अहो, डॉक्टरनं सांगितलं तं एकदा फोटो काढून घ्या नं." मी म्हणालो, "खडा डबीत आहे. फोटो काय डबीचा काढू?"

दिवाळीनंतर थंडी वाजून ताप आला, उजवी बाजू जड झाली. बायकोनं मला स्कूटरवर मागं बसवलं आणि सोनोग्राफी सेंटरला नेलं. तिला खोटं पाडायला मी डबी खिशात टाकली.

तिथं पाणी पाजून पाजून बसवलं. काउंटरवरची बाई विचारी, "प्रेशर आलं का काका?"

"आलं."

"अजून येऊ द्या."

अजून आलं. माझा नंबर लागला आणि तेवढ्यात पांढऱ्या कपड्यातला एक माणूस चार माणसं घेऊन सरळ आत गेला. मी उठलो, म्हणजे उठवेल तेवढा उठलो. "आमचं काय पाण्याचं टाकं आहे का? त्याले काहून सोडलं आधी?"

"त्यांना अर्जंट होतं काका."

"मले काय हौस आहे? इथंच मोकळा होतो, मग पुसा!"

सगळे हसले. बायको सोडून.

शेवटी आत आडवा झालो. पोटावर गार जेल, आणि डॉक्टरीणबाईंनी तो यंत्राचा दांडा नेमका फुगलेल्या जागीच दाबला. मग तो उजव्या कुशीवर नेला आणि तिथंच थांबवला. "खडा आहे अजून. खाली नळीत अडकलाय. वरची किडनी चांगलीच फुगली आहे."

"शक्यच नाही. मशीन बिघडली असेल," म्हणत मी झोपल्या झोपल्या डबी काढली. बाईंनी खडा दिव्याखाली धरला, नखानं खरवडला. त्याचा चुरा झाला.

"सिमेंट आहे हे."

"पण दुखणं तर थांबलं होतं!"

"अडकलेला खडा दुखेलच असं नाही. न दुखताही किडनी खराब होत राहते."

मला असा राग आला की ताप आणखी चढल्यासारखं झालं. मिस्त्रीवर आला. पानफुटीवाल्यावर आला. बसमधल्या त्या सगळ्यांवर आला, एकाही लेकाच्यानं सिमेंट ओळखू नये? किडनीवर तर सगळ्यात जास्त आला. दाढ किडली तर माणसाला झोपू देत नाही, आणि ही सडेपर्यंत गप्प! कुणीतरी सांगायला नको? मग आठवलं, डॉक्टरांनी सांगितलं होतं. बायकोनंही सांगितलं होतं. हे आठवल्यावर तर दातच खाल्ले.

आधी नळी घालून अडलेली लघवी मोकळी केली, ताप उतरल्यावर खडा काढला. पुढं शिरेतून औषध सोडून कोणती किडनी किती काम करते ते दाखवणारा स्कॅन झाला. डावी ठणठणीत. उजवी निम्म्यानं गेलेली. "गेलं ते परत येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "उरलं ते सांभाळा."

घरी येताना स्कूटरवर मागं बसून मी जगाला शिव्या देत होतो. बायको खड्डे चुकवत चालवत होती. गल्लीच्या तोंडाशी मी हळूच म्हणालो, "कोणाले सांगू नको बरं."

तिनं मान न वळवता उत्तर दिलं, "सांगू तं काय सांगू? बर्फी खाल्ली नं साऱ्यायनं? माह्या नवऱ्यानं सिमेंट मुतलं म्हणून सांगू?"