कचऱ्यात गेलेलं पत्र

आष्ट्यातला आमचा कॉम्प्युटर दुरुस्तीवाला मशीनशी बैलाशी बोलावं तसं बोलतो. "का रं गड्या, कुटं अडलं?" असं विचारूनच तो खुर्चीवर बसतो.

माझी मुलगी मुलाखतीच्या पत्राची वाट पाहून थकली होती, म्हणून मी त्याला घरी बोलावलं. त्यानं आम्हा दोघींच्या एकाच ईमेलचे नियम उघडले आणि बोट ठेवून एकेक मोठ्यानं वाचला. जाहिराती नकोत म्हणून मीच एक नियम लावला होता : 'नोकरी' शब्द दिसला की मेल कचऱ्यात.

"काकू, ह्यो लय कडक हाय," म्हणत त्यानं तो काढला. कचऱ्यात मुलीच्या नावाचं पत्र दिसलं, तेव्हा मात्र त्यानं ते उघडलं नाही. तो उठला. "लेकीला आधी वाचू द्या," म्हणाला आणि पाठ फिरवून उभा राहिला.

"आई, सोमवारी बोलावलंय!" मुलगी ओरडली.

"आज शुक्रवार हाय," तो भिंतीकडे बघतच म्हणाला. "लागा तयारीला."