पहारीला बांधलेली तार

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आम्हाला वीज आणि चुंबकत्व शिकवणाऱ्या सरांनी माझ्या बाकावरच्या मित्राला फसवलं. त्यांनी चुकीचं सांगितलं, त्याने ते खरं मानलं आणि तो मेला. नव्वदच्या दशकातली गोष्ट. त्यानंतर माझं लग्न झालं, शहापुरात मोटर रिवाइंडिंगचं दुकान झालं, डोक्यावरचे केस गेले. हे म्हणणं मात्र मी बदललेलं नाही. काही जण म्हणतात, ‘फसवलं’ हा शब्द जरा जड होतो. मी धंदेवाला माणूस आहे. माल न तपासता खात्रीचा म्हणून गळ्यात मारला, तर आमच्याकडे त्याला फसवणंच म्हणतात.

आमचं घर आटगावच्या बाजूचं. शाळेत होतो तेव्हाच मी गवताच्या व्यापाऱ्यांशी भांडून भाव वाढवून घ्यायचो, त्यामुळे तोंड आधीच सुटलेलं. तो मुरबाडच्या डोंगराकडच्या पाड्यातला, आश्रमशाळेत शिकलेला, कमी बोलणारा. कॉलेजची पुस्तकं इंग्रजी. ती आम्हा दोघांनाही अर्धीच कळायची. सर मधूनमधून एखादं वाक्य मराठीत बोलत, तेवढं तो जपून ठेवायचा. मनात दोनदा म्हणायचा, त्याचे ओठ हललेले मला दिसायचे.

प्रॅक्टिकलला आमची जोडी होती. टँजंट गॅल्व्हानोमीटर म्हणजे तारेचं एक उभं कडं आणि मधोमध काचेखाली होकायंत्राची सुई. जवळ लोखंड नको म्हणून तो करगोट्याची किल्ली सोडून खिडकीत ठेवून यायचा. करंट सोडला की सुई वळायची आणि कधीकधी अडकून बसायची. मग तो काचेवर नखाने हलकेच वाजवायचा, टक् टक्. सुई थरथरून नीट जागी यायची. हे काम तो मला करू द्यायचा नाही. म्हणायचा, “तुजा हात जड हाय. तू आकडे लिव.”

एके दिवशी सरांनी फळ्यावर तीन आडव्या रेघा काढल्या, वरची लांब, खालच्या आखूड होत गेलेल्या. म्हणाले, “ही अर्थ. हिचं पोटेन्शियल शून्य. विषय संपला.”

तो उभा राहिला. वर्षभरात पहिल्यांदाच.

“सर, आमच्या पाड्यात खांबावरची न्यूट्रलची, परतीची तार तुटलीय. वायरमन बोलला, तोवर अर्थिंगवर चालवा. मग आमी अंगणात पहार ठोकलीय. बल्बची एक तार खांबाला, दुसरी पहारीला. बल्ब लागतो.”

“वा! म्हणजे तुमच्या पाड्यानेही विजेचा शोध लावला तर.”

वर्ग हसला. तो उभाच.

“पण सर, पहारीला पाणी घातलं की बल्ब मोठा होतो. नि कोंबड्या तिथं गेल्या का उडतात.”

“कोंबड्या पक्षी आहेत. उडणारच.”

आणखी हशा. तरी तो बसला नाही. “मग सर, त्या पहारीच्या तारेला माणसाचा हात लागला तर?”

“अरे, ती अर्थला जोडलेली आहे ना? अर्थ म्हणजे शून्य. शून्याने आजवर कोणी मेलंय का? बस खाली.”

मला राहवलं नाही. “सर, शून्य आहे तर मग कोंबडीला चावतं काय?”

“हा भाजीबाजार नाही.”

“भाजीबाजारात निदान माल हातात घेऊन बघू देतात.”

त्यांनी मला वर्गाबाहेर काढलं. तास संपल्यावर तो बाहेर आला तो खुशीतच.

“सरांशीपन भाव करतोस रे तू?”

“भाव नाय केला तर सडका माल पदरात पडतो.”

“सर हाएत ते. शून्य बोलले तं शून्यच असंल. आये त्या पहारीला लय भिते, काट्या टाकून ठेवल्यात. आता घरी जाऊन सांगतो.”

परीक्षा झाली आणि उन्हाळ्यात तो घरी गेला. काय झालं ते मला त्याच्या आईने सांगितलं, त्याच अंगणात. संध्याकाळी बल्ब बारीक झाला म्हणून त्याने काट्या बाजूला केल्या आणि पहारीच्या बुडाशी कळशी ओतली. जमीन भिजली, पाय भिजले. पहारीला गुंडाळलेली तार गंजली होती, धक्का लागून सुटली. बल्ब विझला. तो तार उचलायला वाकला तशी आई ओरडली, “नको रं हात लावू!” तो हसला. म्हणाला, “आये, ही शून्याची तार हाय.”

जे सरांनी सांगायला हवं होतं ते मी इथे सांगतो, कारण समजायला अगदी सोपं आहे. तार पहारीला बांधलेली असते तोवर वीज बल्बमधून येऊन जमिनीत उतरते. तार सुटली की उतरायला जागा राहत नाही. मग ती सुट्या टोकाशी येऊन थांबते. बल्ब विझलेला असतो म्हणून माणसाला वाटतं, वीज गेली. वीज गेलेली नसते. ते टोक खांबावरच्या तारेइतकंच जिवंत असतं, आणि ओल्या पायाचा माणूस म्हणजे त्याला मिळालेली नवी पहार.

मी गेलो तेव्हा ती सुटलेली तार वर गुंडाळून वाशाला टांगली होती. खांबाकडची जोडणी कोणी काढली नव्हती. मी टोकाला टेस्टर लावला. आतला दिवा लाल पेटला. त्याची आई दारात उभी राहून बघत होती.

“म्हंजे त्यात वीज व्हती?”

“होती.”

“मंग माज्या पोरानं बराबर ऐकला नाय.” तिने मान खाली घातली. “पाड्यात बोलतात, अर्धवट शिकला नि मेला.”

“मावशी, त्याने बरोबर ऐकलं होतं. सांगणारा चुकला. मी वर्गात होतो.”

“तू त्याचा दोस्त हाएस बाला. तू असाच बोलशील.”

“आणि सरांनी स्वतः येऊन सांगितलं तर?”

तिने वाशाला टांगलेल्या तारेकडे बघितलं. “तं मानीन.”

कॉलेज सुरू झालं त्या दिवशी मी तडक स्टाफरूममध्ये गेलो. सर चहा पीत होते. “वाईट झालं,” म्हणाले. “पण मी पृथ्वीबद्दल बोललो होतो. सुट्या तारेबद्दल नाही.”

“त्याने तारेबद्दलच विचारलं होतं.”

“तो प्रश्न सिलॅबसमध्ये नव्हता.”

“मग ‘मला माहीत नाही’ म्हणायचं. तेवढं मराठी त्याला कळत होतं.”

मला शिपायाकरवी बाहेर काढलं. काही दिवसांनी पहिल्या वर्षाच्या वर्गावरून जाताना आत बघितलं. फळ्यावर त्याच तीन रेघा. आतून तोच आवाज, “विषय संपला.”

मी कसाबसा पदवीपर्यंत पोचलो आणि विजेच्याच धंद्यात पडलो. लोक विचारतात, दुसरं काही का नाही केलं? दुसरीकडे मन लागलं नसतं. दोन हजार सालानंतर मुरबाड-शहापूरकडे फार्महाऊसं उठली, कामं भरपूर आली. अर्थिंगचा खड्डा म्हटलं की मालक घासाघीस करतात, दिसत नाही ना तो. वायरिंगमध्ये मी भाव सोडतो, खड्ड्यात नाही. खोल खणायचा, पट्टी उभी करायची, मीठ आणि कोळसा थराथराने भरायचा, पाणी सोडायचं, मग मीटर लावायचा. मीटरची सुई थरथरते आणि अडकते, आणि मला काचेवर नख वाजल्याचं ऐकू येतं, टक् टक्. माझे दोन्ही हात वायरवर असतात. बरोबरचे कामगार हे सांगितलं की हसतात. मी सांगणं बंद केलं. सुई जागेवर येते, मी आकडा लिहितो.

अशातच एके दिवशी सर दुकानात आले. रिटायर होऊन शहापूरच्या बाहेर छोटा बंगला बांधला होता. मला ओळखलं नाही. म्हणाले, “अहो, आमच्या बाथरूमच्या नळाला हात लावला की चावतं. मिसेस आंघोळीला जायला घाबरतात.”

“अर्थिंग केलंय?”

“कॉन्ट्रॅक्टर म्हणाला केलंय.”

“आणि तुम्ही मानलंत?”

त्यांनी चष्मा सारखा केला.

“सर, अर्थ म्हणजे शून्य ना? शून्याने कोणी मरतं का?”

तेव्हा ओळखलं. खुर्चीवर बसले. पाणी मागितलं, ते मी दिलं. मग मी माझा भाव सांगितला. खड्डा मी खणीन, माल माझा, मजुरी माझी, एक पैसा नको. बदल्यात माझ्या जीपमधून पाड्यावर यायचं आणि त्या बाईला एकच सांगायचं, तुमच्या मुलाने बरोबर ऐकलं होतं, मी चुकीचं सांगितलं. बाकी काही नको. पाया पडायला नको, रडायला नको.

“येतो,” ते म्हणाले. “पावसाळा संपू दे. रस्ता बरा होऊ दे.”

मी दुसऱ्याच दिवशी काम केलं. इतकं चोख काम मी माझ्या स्वतःच्या घरी केलेलं नाही. त्यांच्या मिसेसनी माझ्यासमोर नळ सोडला, हात धरला, हसल्या. सर व्हरांड्यात उभे होते. अंगणात मीटर लावला तेव्हा ते नख पुन्हा वाजलं. मी सरांकडे पाहिलं. त्यांना काही ऐकू आलेलं दिसलं नाही.

पावसाळा संपला. मी गेलो तर बाहेरगावी गेले होते. पुन्हा गेलो तर बी.पी. वाढलं होतं. मग फोन उचलेनासे झाले. रस्ता तर आता डांबरी झाला, जीप थेट अंगणापर्यंत जाते.

ती बाई अजून आहे. पहार केव्हाच उपटून टाकली, तरी ती जागा तिने करवंदीच्या काट्या टाकून झाकून ठेवली आहे. दर वर्षी नव्या काट्या टाकते. कोंबड्या वळसा घालून जातात. मी गेलो की ती चहा देते आणि माझ्यामागे कोणी आलं आहे का, ते रस्त्याकडे बघते. त्या पाड्यातून नंतर एकही पोरगं सायन्सला गेलं नाही. “त्याचा कसा झाला बघितला ना,” एवढंच म्हणतात.

सर, मी आयुष्यभर भाव केला आणि पुष्कळदा सोडूनही दिला. इथे सोडणार नाही. नळ आता चावत नाही ना? मग सौदा अर्धा पुरा झाला आहे आणि राहिलेला अर्धा तुमच्याकडे आहे. तुम्ही हे वाचाल याची मी सोय करणार आहे. त्याने उभं राहून विचारलं होतं, तारेला हात लागला तर? तेव्हा तुम्ही त्याला खाली बसवलंत. आता तुम्ही उभे राहा, त्या अंगणात, त्या काट्यांसमोर, आणि त्याच्या आईला त्याचं उत्तर द्या.