ओढ्यात सोडलेलं पाणी

हे मी घरातही कधी बोललो नाही. माझ्या फजित्या मी चारचौघांत मीठमसाला लावून सांगतो, तुम्ही पोट धरून हसता — पण ही एक नेहमी अर्ध्यावर थांबवत आलो. सासऱ्यांचं घड्याळ चांदचाचांच्या विहिरीत पडलं, इथवर. पुढचं? पुढचं कोण विचारतो?

लढाईचे दिवस होते. घोडेगावच्या बाजाराकडे जाणारी सडक रुंद करायला सरकार चाचांची पेरूची बाग घेणार होतं. चाचा आमचे शेजारी. पाडाचा पेरू सदऱ्याला पुसून हातावर ठेवायचे. तो वास अजून नाकात आहे. मोट हाकताना बैलांना असं लाडानं पुकारायचे, की बैलच काय — मीही पळत यायचो.

बागेची किंमत ठरवायला कोर्टाचा माणूस येणार होता. आदल्या दिवशी चाचा वकिलाकडे नगरला गेले, बाग माझ्यावर सोपवून. मी नवा जावई, खिशात सासऱ्यांचं मागून आणलेलं घड्याळ. ऐटीत विहिरीवर वाकलो, पाण्यात स्वतःचं रूप बघितलं — आणि घड्याळ आत! दिवसभर चाचांच्याच बैलांनी मोट हाकून विहीर उपसली. वाफे ओले दिसले तर चाचा विचारतील, म्हणून सगळं पाणी ओढ्यात सोडलं. केवढी माझी हुशारी! घड्याळ गाळात सापडलं. बंद पडलेलं.

सकाळी कोर्टाच्या साहेबानं काय बघितलं? विहिरीत चिखल, वाफे कोरडे. कोर्टानं जमीन बागायती मानलीच नाही. कोरडवाहू जमिनीची किंमत लावून निकाल दिला. विहिरीला पाणी चार दिवसांत परत चढलं होतं — पण ते बघायला कोण येतंय?

निकाल पुन्हा उघडायचा चाचांनी ध्यास घेतला. वकील म्हणाला, विहीर त्याच दिवशी का आटली, हे सांगणारा साक्षीदार आणा. चाचा आमच्या ओट्यावर येऊन बसले.

"तू हुतास ना रं बागंत? पानी कुटं गेल्तं?"

आत पाहुणे आलेले सासरे जेवत होते. घड्याळ दुरुस्तीला दिलंय, अशी थाप त्यांना मारलेली. एवढंच — एवढ्याचीच भीती. गावभर हसं होईल याची. मी, जो आयुष्यभर लोकांना स्वतःवर हसवत आलो!

"आटलं आसंल चाचा. उन्हाळा लई हुता."

चाचांनी हातातल्या बैलाच्या दोरीची गाठ सोडली, पुन्हा मारली. मग म्हणाले, "व्हय. हिरीनंच दगा दिला म्हनायचं."

अर्ज फेटाळला गेला, तेव्हा हिवाळा लागला होता. सडकेची माणसं यायच्या आधी चाचांनी झाडांवरचे शेवटचे पेरू उतरवले आणि जामखेडला लेकीकडे निघून गेले. जाताना आमच्या दारात टोपलीभर पेरू ठेवले. पुसून.

मी खाल्ले. गोड होते.