निघूनही न निघालेले आठ दिवस

"सासुरवाडीला जाऊन बायको-मुलीला घेऊन यायचं, त्यात काय मोठं?" असं पुन्हा कोणी म्हणालं, तर त्याला मी आगगाडीच्या शेपटाला बांधून पुण्याहून तंजावूरपर्यंत नेणार आहे. पाच दिवस धूर खाऊन मी असा काळाठिक्कर पडलो होतो, की मायावरमच्या फलाटावर एका शास्त्रीबुवांनी मला कोळशाचं पोतं समजून आपली वळकटी माझ्यावर टेकवली.

आमची गोदू सहा महिन्यांची. आजोळी, तंजावुरातच जन्मली. मी तिला अजून पाहिलीही नव्हती.

पापनाशमला डब्यात एक बाई चढली. कडेवर पांघरुणात गुंडाळलेलं मूल, आणि पांघरुणात खोचलेला वेप्पिलै (कडुनिंबाचा पाला). पुढच्या क्षणी चाळीस माणसं एका बाकावर, उरलेले सगळे बाक रिकामे! पण बाईला 'उतर' म्हणायची कोणाची छाती होईना. देवी गाडीत बसल्या होत्या. सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले. तंजावूरला उतरल्यावर कळलं की साथ गावभर पसरली आहे.

मला लहानपणीच टोचलेलं, त्यामुळे माझी काळजी नव्हती. तरी राजवाड्यामागच्या गल्लीत सासऱ्यांच्या घराबाहेर चार घागरी अंगावर ओतून घेतल्या, मगच पोरीला हात लावला. तिने माझं नाक धरलं ते दोन्ही हातांनी, आणि सोडेचना.

"हिला देवी टोचल्यात ना?" मी कुटुंबाला विचारलं.

"टोचणारा दोनदा येऊन गेला. अप्पांनी दोन्ही वेळा तिण्णैवरूनच (ओट्यावरूनच) वाटेला लावला."

सासरे घसा खाकरून आपल्या तंजावुरी मराठीत म्हणाले, "जावईबापू, कोणाच्या पोराच्या दंडातली लस कोणाच्या दंडात घालतात, ठाऊक अहे काय? ते राहू द्या. उद्या सकाळी मुहूर्त अहे. पस्ताना ठेवू, मग सावकाश निघा."

पस्ताना म्हणजे काय ते सांगतो. मुहूर्ताला माणसाला निघता आलं नाही, तर त्याचं गाठोडं शेजारच्या घरी नेऊन ठेवायचं. गाठोडं गेलं की शास्त्राच्या लेखी माणूस निघाला. मात्र तीन दिवसांत खरोखर निघायचं, आणि वाटेत ते गाठोडं उचलून पुढे जायचं. सासऱ्यांनी गोदूचं अंगडं-टोपडं, सुपारी आणि हळकुंड बांधून समोरच्या अक्काकडे ठेवलं. अक्काच्या चार वर्षांच्या मुलीचं अंग जरा कढत होतं. "ऊन लागलं अहे," सासरे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काच्या दाराला वेप्पिलै लागला.

आता त्या घरात जायचं नाही, तिथली वस्तू बाहेर काढायची नाही. तेलाचा चुरचुराट देवीला खपत नाही म्हणून गल्लीभर फोडणी बंद. जावई म्हणून पाचशे कोस आलेल्या माणसासमोर मीठ घातलेला ताकभात! आणि सासरे तिण्णैवर बसून हिशेब करीत होते, की गाठोडं न घेता निघालं तर अपशकुन, आणि न निघालं तर पस्ताना मोडला. शास्त्राप्रमाणे आम्ही केव्हाच निघून गेलेले होतो, फक्त भात खायला घरात होतो.

मी वैतागून ओरडलो, "खड्ड्यात गेलं गाठोडं! उद्याच्या गाडीने चला."

"गाडीत कोण कोण होतं म्हणालात?" कुटुंबाने शांतपणे विचारलं.

मी पापनाशमची हकिकत परत सांगितली. या खेपेला बाकावर साठ माणसं होती.

"तुमच्या सांगण्यातलं निम्मं खोटं धरलं, तरी ती बाई उरते. असल्या गाडीत पाच दिवस मी हिला घेऊन बसायची नाही. आधी टोचायचं."

"आणि इथे राहून, समोरून आलं म्हणजे?"

तिने लगेच टोचणाऱ्याला निरोप धाडला. गोदू तेवढी खिदळत होती.

टोचणारा आला तो एका कुंभारणीला घेऊन. तिच्या मुलाच्या दंडावर आठवड्यापूर्वी टोचल्याचे फोड टपोरले होते; त्यातलीच लस गोदूला द्यायची. सासरे म्हणाले, "तिण्णैवर चढायचं नाही!" कुटुंबाने पोरीला उचललं आणि रस्त्यात जाऊन कुंभारणीशेजारी धुळीत फतकल मारलं. सासऱ्यांनी भिंतीकडे तोंड करून एवढ्या मोठ्याने स्तोत्र सुरू केलं, की राजवाड्यातले पारवे उडाले. टोचणाऱ्याचं तमिळ कुटुंबाने मला मराठीत सांगितलं: "आठ दिवस हलायचं नाही. हिच्या दंडावरून पुढच्या मुलांना टोचायचं आहे."

सहाव्या दिवशी गोदूला ताप भरला. टोचणाऱ्याला पोत्यात घालून कावेरीत सोडायची भाषा मी केली, आणि मग स्तोत्राला सासऱ्यांच्या शेजारी जाऊन बसलो. त्याच दुपारी अक्काची मुलगी गेली. गल्लीत कोणी मोठ्याने रडलं नाही. तेही देवीला खपत नाही म्हणतात.

आठव्या दिवशी गोदूचा ताप उतरलेला, दंडावर तीन टपोरे फोड. कुंभारणीच्या पोराला नाकं मुरडणाऱ्या गल्लीतल्या साऱ्या बायका आपापली मुलं घेऊन हजर! "आमच्या नातीची लस अहे, ओळीने या," असं सासरे त्याच तिण्णैवरून ओरडत होते.

मग समोरचं दार उघडलं. अक्का तान्हा मुलगा घेऊन उंबऱ्यात उभी राहिली. सुतक, त्यात देवीचं घर; ओळ मागे सरकली, आणि खोटं कशाला सांगू, मीही सरकलो. कुटुंब उठलं. तिने त्या पोराला घेऊन गोदूच्या शेजारी आपल्याच मांडीवर बसवलं.

"उशीर तर नाही ना झाला?" अक्काने विचारलं.

टोचणाऱ्याने नुसतं आकाशाकडे बोट केलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. अक्काच्या घराला 'येतो' म्हणायची रीत नव्हती, म्हणून म्हटलं नाही.

इकडे घरी पोचल्यापासून जो तो विचारतो, "तिथलं मोठं देऊळ पाहिलंत?" मी कळसाला टेकून झोपणाऱ्या ढगांचं वर्णन करतो. देऊळ मी पाहिलंच नाही. पाहिला तो एक दंड, आठ दिवस, दर घटकेला. गाडीत बसलो असतो तरी पोर जाऊ शकली असती, थांबल्यानेही, टोचल्यानेही. कोणती वाट बरोबर होती हे आधी सांगणारा माणूस मला भेटला, तर मी त्याचे पाय धरीन किंवा टाळकं.

महिन्याने सासऱ्यांचं मोडीतलं पत्र आलं. तीन पानं पस्ताना मोडल्याबद्दल माझी खरडपट्टी, आणि तळाशी बारीक अक्षरात: "अक्काचा धाकटा सुखरूप अहे. त्याच्या दंडावरची लस घेऊन टोचणारा कुंभकोणमकडे गेला."

आमच्या मुलीला प्रवासाला न्यावं की नाही, यावर आम्ही आठ दिवस डोकी फोडली. ती तिकडे दंडादंडावरून अजून हिंडतेच आहे.