वाटेत बसलेले देव

कुणाच्याही दारात आले की ते सुपरवायझर आधी खाली बसून बुटांच्या नाड्या सोडायचे. कामावरचे जाड बूट, पुढं लोखंड असलेले. ते निघायला वेळ लागायचा, तोवर घरातली बाई पसारा आवरून घ्यायची. मग उंबऱ्याला लावलेला हात कपाळाला लावून ते म्हणायचे, “घर तुमचं, धूळ माझी. जाताना घिऊन जातो.”

सगळी धूळ ते नेत नसत, हेही सांगायला हवं. त्या दिवसांत आमच्या बिल्डिंगीत सगळ्यांनी पोह्यांबरोबर थोडं सिमेंट खाल्लेलं आहे.

बिल्डिंग पालिकेची, सहा मजल्यांची. आम्ही सगळ्यात वर. जवळच्या थर्मलची, म्हणजे वीजकेंद्राची, राख खिडकीच्या फटींतून आत यायची आणि उन्हाळ्यात स्लॅब असा तापायचा की भिंतीला पाठ टेकवत नसे. दुरुस्ती निघाली तेव्हा ठेकेदाराचे सुपरवायझर म्हणून ते आले. जुन्या वायरी काढायच्या, गच्चीवर ऊन अडवणारा थर द्यायचा, घट्ट बसणाऱ्या खिडक्या लावायच्या, आणि मागचा जिना मोकळा करायचा, असं काम होतं.

अडलं ते या जिन्यापाशी. प्रत्येक मजल्यावरून तिकडं जायला एक बोळ होता. तिथून कुणी जात-येत नसे, म्हणून तिथं चपला फिरत नसत. चपला फिरत नाहीत म्हणजे जागा सोवळी. आमच्या आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, आमच्या मजल्यावर पत्रा ठोकून तिथं देव बसवले. मग खालच्या घरानं, मग त्याच्या खालच्या. देवाच्या डोक्यावर देवच असलेले बरे, असा सगळ्यांचा हिशोब. आग लागली तर पळायची वाट अशी सहाही मजल्यांवर देवघर झाली होती.

ते पहिल्यांदा बोळ बघायला आले तेव्हा आत्याबाईंची पूजा चालली होती. आत्याबाईंचे पाय गेलेले, त्या पाटावर बसूनच सगळं करायच्या. मागं न बघताच त्यांनी घंटा सुपरवायझरांच्या हातात दिली. “वाजीव रं लेकरा, सून पाण्याला गेलीय.”

मी हंडा घेऊन आले तर ते घंटा वाजवतायत. निघताना मला म्हणाले, “पाहणीला आलतो, आरती करून चाललो.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी विषय काढला. आत्याबाई म्हणाल्या, “श्रावणात देव हालवत न्हाईत.”

“न्हाई हालवत,” ते म्हणाले. “माझी आई बी हेच म्हणती. श्रावण संपू द्या.”

श्रावण संपला तर गणपती आले, गौरी आल्या. मग पितृपक्ष. त्यात तर चांगलं काही करायचंच नसतं. पुढं देव घटी बसणार. खालच्या घरांचं एकच उत्तर, “वरच्या आजीचे हालले की आमचे हालतील.” ठेकेदार फोनवर ओरडायचा. ते शांतपणे सांगायचे, “पावसानं काम थांबलंय, साहेब.” बाहेर कडक ऊन.

मी परक्या माणसाशी बोलत नाही. आजही जमत नाही. पण ठेकेदार भिंतीलगतच्या बांबूच्या परात्या काढून माणसं दुसरीकडं नेणार, आमचा जिना तसाच राहणार, असं कानावर आलं आणि मला झोप लागेना. त्याआधीच्या उन्हाळ्यात खाली मीटरच्या पेटीनं पेट घेतला होता. पुढच्या जिन्यात धूरच धूर. लोक पळाले. मी ओला टॉवेल दाराला लावून आत्याबाईंचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. आमचे मालक, आत्याबाईंचा लेक, कामावर होते. आग विझली, म्हणून आम्ही आहोत.

ते आले तेव्हा मी दाराआडून एवढंच म्हणाले, “धूर आला तर मी आत्याबाईंला कुठून नेऊ?”

त्यांनी मान हलवली. माझं नाव कुठं घेतलं नाही. बूट काढून आत जाऊन बसले आणि जणू आपल्याच मनातलं विचारतायत असं म्हणाले, “आजी, धूर आला तर तुमाला कुठून न्यायचं?”

“देव बघतील.”

“बघतीलच की. पण आजी, देवच वाटंत बसलेत.”

आत्याबाई रागावल्या नाहीत. पदराचं टोक त्यांनी बोटाला गुंडाळलं. मग म्हणाल्या, “दसऱ्याला देव उठत्यात. त्या दिवशी मुहूर्त लागत न्हाई. तवर थांबशील का?”

“थांबतो.”

ठेकेदाराला त्यांनी कसं थांबवलं ते मला माहीत नाही. तोवर त्यांच्या गवंड्यांनी प्रत्येक स्वयंपाकघरात पूर्वेकडच्या भिंतीत कोनाडा काढून दिला.

दसऱ्याला सकाळीच ते अंघोळ करून, बूट खाली अंगणातच काढून, अनवाणी आले. मी एकेक देव ताम्हनात घेऊन कोनाड्यात नेला. मग त्यांनी पत्र्याला हातोडा घातला. पत्रा पडला आणि पलीकडून वारा आला. खालच्या मजल्यावर हातोडा वाजला, मग त्याच्या खाली.

“आता जिना चालतो का बघू,” म्हणत त्यांनी आत्याबाईंना खुर्चीसकट उचललं. एका बाजूला ते, एका बाजूला आमचे मालक.

“हळू रं. मी काय सिमेटची गोणी हाय?”

“गोणी बोलत न्हाई आजी.”

अंगणात खुर्ची टेकली. पाय गेल्यापासून आत्याबाई खाली आल्या नव्हत्या. बायका सोनं घेऊन आल्या आणि आत्याबाईंच्या ओटीत आपट्याच्या पानांचा ढीग झाला. ते लांब उभे राहून बूट घालत होते.

दिवाळीला त्यांच्यासाठी चकल्या काढून ठेवल्या, पण तोवर त्यांना मांजरसुंब्याकडच्या कामावर पाठवलं होतं. फोन लागला नाही. चकल्या आम्हीच खाल्ल्या.

यंदा उन्हाळ्यात दुपारी आमचा पंखा बंद असतो. गच्ची तापत नाही, बोळातून वारा येतो. आत्याबाई तोंडाशीच पाट टाकून बसतात. कुणी तिथं बादली ठेवली, सायकल टेकवली, की लगेच म्हणतात, “उचल ते. मला तिथून जायचंय.”