उकिरड्यावरचा दुधी

हिराबाई दुकानाच्या पायरीशी दिसली की बायका मुद्दाम विचारायच्या, "काय गं, मीठ संपलं व्हय?" मीठ, चहापत्ती आणि काडेपेटी सोडली तर ही बाई दुकानातून काही नेत नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. गाव गडहिंग्लजच्या खाली, कर्नाटकाच्या अंगाला. तिथं भांडण मराठीत सुरू होतं आणि कानडीत मिटतं.

ज्वारी घरची, हुलगा-वरण्यासारखं कडधान्य घरचं, गूळ आपल्याच उसाचा. शेंगा घाण्यावर नेऊन तेल काढून आणायचं, म्हशीचं तूप कढवायचं, मिरच्या वाळवून वर्षाची चटणी कांडून ठेवायची. घरामागच्या परड्यात दोडका, घेवडा, वांगी, पोकळा. बी राखेत घोळून मडक्यात ठेवलेलं. बचत गटाच्या बायका लांबून तिचं परडं बघायला यायच्या. त्यांना हिराबाई कमरेवर हात ठेवून सांगायची, "माझ्या घरात काय शिजतंय ते मला ठावं. दुकानातल्या पुड्यात काय भरलंय ते कुणाला ठावं?"

नवरा रुद्रय्या बोलायला कमी. अन्न म्हणजे प्रसाद, ताटात पडलं ते संपवायचं, हे त्याला लहानपणापासून शिकवलेलं. लग्न झाल्यापासून तिच्या स्वयंपाकाला त्यानं कधी नाव ठेवलं नव्हतं, आणि वाखाणलंही नव्हतं. तो भाकरीच्या शेवटच्या तुकड्यानं ताट पुसायचा, तेच तिला पुरायचं.

गेल्या थंडीत हिराबाईला ताप आला. अंथरुणातून उठली तेव्हा नुसता अशक्तपणा राहिलाय असं तिला वाटलं. मग एक दिवस चुलीवर मिरच्या भाजताना तिला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, पण वास आला नाही. तिनं तव्यावर वाकून पाहिलं. मिरच्या काळ्या पडल्या होत्या. दचकून तिनं डब्यातला गूळ तोंडात टाकला. माती. चिमूटभर मीठ टाकलं. तेही माती.

चव आज येईल, उद्या येईल म्हणून तिनं वाट पाहिली. जिभेवर काही आलं नाही. कुणाला सांगायचं? कोल्हापूरला दिलेली लेक, सौंदर्या, दर फोनला म्हणायची, "अव्वा, तुझ्या हातच्या आमटीची चव कुठं मिळत न्हाय बघ." ज्या बाईला लोक हाताच्या चवीनं ओळखतात, तिनं आपली जीभ मेलीय असं कुठल्या तोंडानं सांगावं? हिराबाई गप्प राहिली आणि हाताच्या अंदाजावर स्वयंपाक करत राहिली. चिमटी तीच, ओंजळ तीच. रुद्रय्या जेवत होता, ताट पुसत होता. म्हणजे सगळं ठीक चाललंय, असं तिनं धरलं.

पावसाळ्यात उकिरड्याच्या कडेला दुधीचा एक वेल आपोआप उगवला. तिनं तो लावला नव्हता. कुठल्या बियाचा, कुठल्या फळाचा, काही कळायला मार्ग नव्हता. पण वेल जोमात होता, कुंपणावर चढून पांढरा फुलला होता, आणि देवानं दिलेलं उपटायचं कशाला? भाद्रपदात त्याला हिरवेगार, कोवळे दुधी लटकले. गौरी-गणपती होऊन गेल्यावर एका दुपारी तिनं त्यातला एक तोडला.

दुधी चिरायच्या आधी देठाकडची चकती जिभेला लावून बघायची, ही तिच्या आईची रीत. कडू लागला तर म्हशीलाही घालायचा नाही, सरळ फेकायचा. हिराबाईनं चकती कापली, जिभेला लावली. काहीच नाही. पण गेले कित्येक महिने कशालाच काही नव्हतं. हातानं आपलं काम केलं होतं, रीत पाळली गेली होती. तिनं दुधी चिरला, हरभऱ्याची डाळ, चटणी आणि शेंगदाण्याचा कूट घालून शिजवला.

रुद्रय्यानं पहिला घास घेतला आणि त्याचं चावणं थांबलं.

"का ओ? काय झालं?"

"काय न्हाय. गरम हाय."

तो पाणी प्यायला आणि जेवत राहिला. भाजी संपवली. ताट पुसलं. हिराबाई त्याच्यामागून जेवायची. त्याआधी ती म्हशीला पाणी दाखवायला गोठ्यात गेली. परत आली तर रुद्रय्या मोरीच्या कट्ट्याला धरून वाकला होता. ओकारी थांबत नव्हती. तिनं पाठ चोळली, तोंडावर पाणी मारलं. पित्त असेल म्हणून लिंबू चिरायला वळली, तेवढ्यात मागून आवाज आला. तो खाली बसला होता आणि मोरीत लाल पडलं होतं.

रक्त. हिराबाईला आधी ते चटणीचं वाटलं. मग कळलं.

तिच्या किंकाळीनं शेजारची दानेश्वरी भिंतीवरून उडी मारावी तशी आली. तिनं रुद्रय्याचा हात धरला, तर तो बर्फासारखा गार. "महांतेश, गाडी काढ!" तिनं आपल्या लेकाला हाक मारली, आणि हिराबाईकडे वळली. "काय खाल्लंय ह्यांनी?"

"घरचंच. दुधीची भाजी. दुसरं काय न्हाय गं."

दानेश्वरीनं पातेल्यात बोट बुडवून तोंडात घातलं आणि तिथंच थुंकलं. तिचं तोंड वाकडं झालं. "हिराक्का! जहर हाय ह्ये! कडूजहर! तुझ्या जिभंला लागलं न्हाय?"

हिराबाई पातेल्याकडे बघत राहिली. मग तिनं मूठभर भाजी उचलली आणि तोंडात कोंबली. चावली. जिभेवरून इकडून तिकडे फिरवली. काहीच नाही. डाळीचा मऊपणा, कुटाची खरखर, एवढंच. नवरा रक्त ओकत होता आणि ज्यानं त्याची ही गत केली, ते तिच्या तोंडात माती होऊन पडलं होतं.

"थुंक!" दानेश्वरीनं तिच्या पाठीत धपाटा घातला, तिच्या गालात बोटं घालून घास बाहेर काढला. "येड लागलंय काय तुला?"

"मला लागंना गं," हिराबाई म्हणाली. "मला कायबी लागंना."

गडहिंग्लजच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी ऐकता ऐकताच सलाईन लावायला सांगितलं. रक्तदाब पार खाली गेला होता. कडू दुधीत विषारी द्रव्य असतं, ते शिजवून जात नाही, वेळेत आणलंत, असं त्या म्हणाल्या. मग विचारलं, "आजी, चिरताना चाखला नव्हता?"

"चाखला की."

"मग?"

हिराबाईनं दानेश्वरीकडे पाहिलं. शेवटी दानेश्वरीच म्हणाली, "तिला चव कळत न्हाय, बाई. आमाला आजच कळलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी रुद्रय्यानं डोळे उघडले. सौंदर्या कोल्हापूरहून येऊन उशाशी बसली होती. हिराबाई पायाशी. ती रात्रभर एकच वाक्य जुळवत होती. तो जागा झाला तशी ती बोलली, "माझी जीभ गेलीय ओ. थंडीतल्या तापापासनं. मी लपवलं."

रुद्रय्यानं तिच्याकडे पाहिलं. आवाज बारीक होता. "ठावं हाय मला."

"काय ठावं हाय?"

"आमटीत कधी मीठच न्हाय, कधी दोनदा. एकदा खिरीत मीठ घातलंस." तो थांबला, श्वास घेतला. "शिमग्याच्या आधीपासनं जाणतोय. तू पाठ वळवलीस की वरनं मीठ घेत हुतो."

म्हणजे इतके महिने हिराबाई ज्या पुसलेल्या ताटावर विसंबली होती, ते ताट खोटं होतं.

"आनि दुधी? त्यो कडू लागला हुता तुमाला?"

"पयल्या घासालाच."

"मग खाल्ला कशापायी?"

"आता बोललो तर तुला कळंल मला ठावं हाय म्हणून. तुला लागंल म्हणून... कडूच हाय, कारल्यागत आसंल, म्हटलं. खाऊन टाकावा."

अख्खा वॉर्ड हिराबाईकडे वळला, कारण तिनं जो आवाज काढला तो रडण्याचाही नव्हता आणि ओरडण्याचाही. मग ती खरोखर ओरडली. "मला लागंल म्हणून? आनि तुमी मेला असता तर मला काय लागलं असतं, गूळ?" नर्स धावत आली. सौंदर्यानं आईला धरलं. "अव्वा, बस. अव्वा!" रुद्रय्या डोळे मिटून पडला होता आणि त्याच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी उशीवर उतरत होतं. त्याला रडताना हिराबाईनं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. ती गपकन खाली बसली.

घरी आल्यावर तिनं पहिलं काम केलं ते वेल मुळासकट उपटण्याचं. दुधी म्हशीच्या तोंडाला लागू नयेत म्हणून खड्डा काढून पुरले. मग बिनलावलेलं जे जे परड्यात उगवलं होतं ते सगळं उपटलं, चांगलं-वाईट न बघता. दानेश्वरी भिंतीपलीकडून म्हणाली, "अगं, ती तर नुसती तांबडी भाजी हाय." हिराबाईनं तीही उपटली.

गावात बोलणं झालं. काही दिवस तिच्या घरचं ताकही कुणी घेईना. बचत गटाच्या बायका पुन्हा आल्या तेव्हा तिनं कमरेवर हात ठेवले नाहीत. खाली बसून, होतं तसं सांगितलं: ताप, मिरच्या, जीभ, चकती. एक म्हातारी म्हणाली, "माझ्या नाकालाबी दोन वर्षं वास न्हाय. सुनंला सांगितलं न्हाय अजून." सगळ्या बायका तिच्याकडे बघायला लागल्या.

सौंदर्यानं आईला कोल्हापूरच्या डॉक्टरांना दाखवलं. चव कधी परत येते, कधी येत नाही, असं ते म्हणाले. अजून आलेली नाही.

परडं चालू आहे. चूलही. बदल एवढाच की आता चुलीपाशी रुद्रय्या पाट टाकून बसतो. दोडका, काकडी, दुधी, काहीही चिरायचं तर पहिली चकती त्याच्या जिभेवर. आमटीला उकळी आली की पळी त्याच्या हातात. सुरुवातीला तो सवयीनं "बरी हाय" म्हणायचा. हिराबाई पळी उगारायची. मग एक दिवस त्यानं आमटी चाखली, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "मीठ लई झालंय. आनि खरं सांगू? तुझी आमटी मला पयल्यापासनं जरा आंबटच लागती. चिंच कमी घालत जा."

हिराबाईनं हातातलं झाकण खाली ठेवलं. लग्न होऊन आयुष्य गेलं होतं. सून म्हणून आली तेव्हापासून ती त्याच हातानं चिंच कोळत होती.

"पयल्यापासनं?" तिनं विचारलं.

"पयल्यापासनं," तो म्हणाला.